वाचकांचे प्रश्न : गाडीतील खडखड, थरथर आणि डॅम्पिंग

पावसाळा सरत आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत गाडीतून येणाऱ्या आवाजांविषयीची पत्रे वाढतात, आणि चार महिने खड्ड्यांतून गाडी हाकल्यावर ते साहजिकच आहे. या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : पत्र्यावर डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर शोषून घेणारी चिकट चादर, लावून घेतली तर गाडी शांत होईल का? म्हणून हे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रांतील मजकूर आवश्यक तेथे संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक सहा वर्षांची आहे आणि पाथर्डी फाटा ते द्वारका हा माझा रोजचा रस्ता आहे. खड्ड्यातून गाडी गेली की पुढच्या डाव्या दारातून आणि डिकीतून खडखड ऐकू येते. शिवाय दार लावताना पोकळ, पत्र्याचा आवाज होतो. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानदाराने चारही दारे, फ्लोअर, डिकी आणि छत असे संपूर्ण डॅम्पिंग सुचवले आहे. करून घ्यावे का?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. दार लावताना येणारा पोकळ आवाज हा पत्र्याचा आहे. दाराचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. मोठा सपाट भाग आणि मागे आधार नाही, त्यामुळे धक्का बसला की तो काही क्षण थरथरत राहतो. डॅम्पिंग शीटचे काम नेमके येथे आहे. देवळातील घंटा वाजवून तिच्यावर लगेच तळहात ठेवला तर नाद जसा जागच्या जागी विरतो, तसे ही शीट पत्र्याचे करते. शीटमध्ये चिकट ब्यूटाइल रबराचा थर असतो आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो. गाडीचा पत्रा वाकू लागला की खालचा पत्रा आणि वरचे अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये रबर सरकते, ताणले जाते, आणि कंपनाची ऊर्जा किंचित उष्णतेच्या रूपाने निघून जाते. खडखड मात्र दोन सुट्या वस्तू एकमेकींवर आपटल्याने होते. पत्र्यावर कितीही शीट चिकटवली तरी सैल झालेला लॉकचा रॉड आपटायचा थांबत नाही. फार तर त्याचा आवाज थोडा दबतो आणि नेमका कोठून येतो हे शोधणे अधिक अवघड होते.

म्हणून आधी शोध, मग शीट. शोधाची सुरुवात गाडी पूर्ण रिकामी करून करावी. ग्लव्ह बॉक्स, दारांचे खण, चष्म्याचा कप्पा, डिकीतील जॅक, पाना आणि पाण्याच्या बाटल्या हे सारे बाहेर काढावे, स्टेपनीचा नट घट्ट आहे का ते पाहावे आणि मागची पार्सल ट्रे एक-दोन दिवस घरी ठेवून द्यावी. निम्म्या तक्रारी एवढ्यावरच मिटतात, असा माझा अनुभव आहे. त्यानंतर ओळखीच्या एखाद्या खडबडीत गल्लीतून काचा बंद ठेवून सावकाश गाडी चालवावी आणि सोबतच्या माणसाने मागे बसून एकेक भाग तळहाताने दाबून पाहावा : दाराचे पॅड (आतील आवरण), सीटबेल्टचे बक्कल, खांबांवरचे प्लास्टिक, डिकीच्या झाकणाचे आतील आवरण. ज्या जागी हात ठेवताच आवाज थांबतो, ती जागा खडूने खूण करून ठेवावी.

डाव्या दारासाठी एक सोपी चाचणी आहे. त्याच गल्लीतून एकदा काच पूर्ण वर ठेवून आणि एकदा अर्धी खाली करून जावे. काच अर्धी असताना आवाज वाढत असेल तर काचेच्या दोन्ही बाजूंची रबरी चॅनेल झिजली आहे किंवा काच वरखाली करणाऱ्या यंत्रणेचा बोल्ट ढिला आहे. फरक पडत नसेल तर लॉकचे रॉड, वायरिंगचा लोंबता कप्लर (तारांची जोडणी) किंवा दाराच्या पॅडच्या क्लिपा यांच्याकडे वळावे. काच दुरुस्तीसाठी दार पूर्वी कधी उघडले असेल, तर दोन-तीन क्लिपा तुटलेल्या सापडण्याची शक्यता मोठी आहे; घाईत काम उरकणारे तुटकी क्लिप तशीच ठेवून पॅड दाबून बसवतात. नवीन क्लिपा अगदी किरकोळ किमतीत मिळतात. रॉड आणि वायरिंग यांना फेल्टची कापडी चिकटपट्टी गुंडाळली की ते पत्र्यावर वाजत नाहीत.

डिकीच्या झाकणाच्या दोन्ही बाजूंना जे रबरी बफर असतात, ते बहुतेक गाड्यांत फिरवून थोडे बाहेर काढता येतात. झाकण बंद असताना ते घट्ट टेकले पाहिजेत. ते टेकत नसतील तर झाकण कुलपावर खेळत राहते आणि मागून सतत खडखड येते. मागची नंबर प्लेट दोनच स्क्रूंवर असेल, तर तिच्यामागे फोमची दुहेरी चिकटपट्टी लावावी. डिकी बंद करताना होणाऱ्या आवाजाचा दोष अनेकदा तिचाच असतो.

एवढे करूनही पुढच्या बाजूने ठक्‌ठक्‌ येत राहिली तर गाडी गॅरेजमध्ये वर उचलून पाहणे भाग आहे. लिंक रॉड, सस्पेन्शनचे बुश, स्ट्रटचे वरचे माउंटिंग आणि सायलेन्सरवरचे उष्णतारोधक पत्रे हे तपासावेत. खडबडीत जागी अगदी हळू जात असताना ब्रेक हलकासा दाबून धरल्यावर आवाज बंद झाला, तर कॅलिपरच्या पिना किंवा ब्रेक पॅड सैल आहेत असे समजावे. लिंक रॉडचा आवाज केबिनमध्ये दाराच्या आसपासूनच आल्यासारखा वाटतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच्यापायी दारे खोलणारे मालक आम्हाला दर वर्षी पत्र लिहितात.

आता दुकानदाराच्या सूचनेविषयी. खडखड मिटल्यावर चारही दारांच्या बाहेरच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग करून घ्यावे, पैसे कारणी लागतील. परंतु पत्रा इंच न्‌ इंच झाकण्याची गरज नसते. सपाट भागाच्या मध्यावर, जेथे तो सर्वाधिक थरथरतो तेथे, एकूण क्षेत्रफळाच्या पाव ते निम्म्या भागावर शीट नीट बसवली की बहुतांश फायदा मिळून जातो. उरलेला भाग झाकण्याचा खर्च होतो, फरक मात्र फारसा पडत नाही. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे : जेथे टणटण वाजते तेथे शीट हवी, आणि जेथे पत्रा मुळातच धप्प वाजतो तेथे ती नको. दोन मिलिमीटर जाडीच्या ब्यूटाइल शीटचे वजन चौरस मीटरला साधारण ३ किलोपेक्षा थोडे अधिक भरते, तेव्हा सर्वत्र दुहेरी थर लावण्याचा आग्रह धरणाऱ्याला वजनाचा हिशेब विचारावा. छताचे काम पावसाच्या थेंबांचा ताशा सहन होत नसेल तरच करावे, आणि तेही अनुभवी माणसाकडून, कारण छताच्या कडेने पडदा एअरबॅग असलेल्या गाड्यांत आतील आवरण चुकीच्या रीतीने उतरवणे धोक्याचे आहे.

प्रश्न : माझ्या तीन सिलिंडरच्या गाडीत सिग्नलला उभे असताना, विशेषतः एसी चालू असल्यास, स्टिअरिंग आणि सीट थरथरते. फ्लोअरला डॅम्पिंग केल्यास ही थरथर कमी होईल का?
— एक वाचक, अंबड

उत्तर : होणार नाही. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर शांत फिरत असताना तीन सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २० स्फोट होतात. चार सिलिंडरच्या इंजिनात ते सुमारे २७ होतात. इतक्या मंद गतीची थरथर इंजिनाच्या माउंटिंगमधून संपूर्ण सांगाड्यात उतरते आणि फ्लोअरचा पत्रा सांगाड्यासह एकसंध हलतो. शीटला काम करण्यासाठी पत्रा स्वतः वाकला पाहिजे, आणि पत्र्यांची स्वतःची थरथर याहून पुष्कळ वरच्या वारंवारितेची असते.

तीन सिलिंडरच्या इंजिनाची थोडी थरथर ही त्याच्या रचनेतच आहे, परंतु ती पूर्वीपेक्षा वाढली असेल तर माउंटिंग, म्हणजे आपल्याकडच्या मेकॅनिकच्या भाषेत फाउंडेशन, तपासून घ्यावे. रबराला भेगा पडलेल्या असतील, किंवा द्रव भरलेल्या माउंटिंगच्या बुडाशी तेलकट ओल दिसत असेल, तर ते बदलावे. स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि थ्रॉटल बॉडीवर साचलेला थर यांचीही पाहणी करावी. एसीचा कॉम्प्रेसर लागताच फेऱ्या किंचित वाढून इंजिन सावरले पाहिजे. ते खाली दबत असेल तर दोष तेथेच आहे. सायलेन्सर टांगणारे रबर तुटून पाइप सांगाड्याला टेकला असेल, तरी नेमकी अशीच थरथर येते आणि तिचा खर्च सर्वांत कमी असतो, म्हणून सुरुवात त्यापासून करावी.

थरथर उभ्या गाडीत नसून ८० ते १०० च्या वेगात फक्त स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल, तर तो चाकांच्या बॅलन्सिंगचा प्रश्न आहे.

प्रश्न : दारांचे डॅम्पिंग मी स्वतः घरी करू इच्छितो. हार्डवेअरच्या दुकानात गच्चीची गळती थांबवण्यासाठी मिळणारी चंदेरी चिकटपट्टी पुष्कळ स्वस्त पडते. ती चालेल का? काम करताना कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : अशा पट्ट्यांपैकी काही डांबरी असतात आणि काही ब्यूटाइलच्या. डांबरी पट्टी गाडीत अजिबात वापरू नये. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० अंशांच्या आसपास जातो तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. डांबर मऊ पडते, केबिनमध्ये वास सुटतो आणि उभ्या पत्र्यावरची पट्टी हळूहळू खाली ओघळते. ओघळलेले डांबर काचेच्या चॅनेलमध्ये गेले की ते काढण्याचे काम एकदा पाहावे, म्हणजे स्वस्त कशाला म्हणायचे ते कळेल. कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांच्या फ्लोअरवर डांबरयुक्त थर असतो हे खरे, परंतु तो आडव्या पत्र्यावर भट्टीच्या उष्णतेत वितळवून बसवलेला असतो. ब्यूटाइलची गळतीपट्टी उन्हात टिकते, मात्र तिच्यावरचे अ‍ॅल्युमिनियम कागदासारखे पातळ असते. वरचा थर ताठ असेल तरच मधले रबर ताणले जाते, त्यामुळे अशा पट्टीचा उपयोग अर्धवटच होतो. गाडीसाठी बनवलेली, साधारण २ मिलिमीटर जाडीची शीट घ्यावी, आणि दुकानात तिचा कोपरा नाकाशी नेऊन पाहावा. डांबराचा वास लपत नाही.

काम कोरड्या दिवसांत करावे. पॅड काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवून काही मिनिटे थांबावे आणि पिवळ्या रंगाच्या कोणत्याही कप्लरला हात लावू नये, तो एअरबॅगचा असतो. पॅड निघाल्यावर आत प्लास्टिकचा एक कागद काळ्या चिकट पट्ट्याने बसवलेला दिसेल. तो निरुपयोगी समजून फाडणारे बरेच आहेत. काचेच्या बाहेरच्या रबरातून पावसाचे थोडे पाणी दारात उतरतच असते, आणि ते पॅडवर व तेथून पायाखालच्या कार्पेटमध्ये जाऊ नये यासाठीच तो कागद असतो. तो अखंड सोडवून ठेवावा आणि काम संपल्यावर पुन्हा सर्व बाजूंनी चिकटवावा. इगतपुरी-घोटीच्या पावसात जाणे-येणे असणाऱ्यांनी तर यात हयगय करू नये.

आतल्या पत्र्याच्या मोठ्या छिद्रांतून हात घालून बाहेरच्या पत्र्याची आतील बाजू आधी ओल्या फडक्याने पुसावी, ती पूर्ण वाळू द्यावी आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन वेळा स्वच्छ करावी. सहा वर्षांची धूळ आणि मेणासारखा गंजरोधक थर त्यावर असतो. त्यावर चिकटवलेली शीट पहिल्या उन्हाळ्यात सुटते. शीट तळहाताएवढ्या किंवा थोड्या मोठ्या तुकड्यांत कापून घ्यावी, कारण पूर्ण आकाराचा तुकडा त्या छिद्रातून सरळ जात नाही आणि मध्येच चिकटून बसतो. पत्र्याला टेकवल्यावर छोट्या हँड रोलरने मध्यापासून कडांकडे असा दाब द्यावा की अ‍ॅल्युमिनियमवरची उठावाची नक्षी सपाट होऊन नाहीशी व्हावी. नक्षी दिसत आहे तेथे खाली हवा आहे, आणि हवा आहे तेथे शीट काम करत नाही. पत्र्याच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कडा सुरीसारख्या लागतात, तेव्हा हातमोजे घालावेत. थंडीत शीट कडक झाली असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून घ्यावी.

दाराच्या तळाशी असलेली पाणी निघून जाण्याची छिद्रे कोणत्याही परिस्थितीत झाकू नयेत. ती बुजली तर पाणी दारात साचते, वळणावर खळखळते आणि दोन पावसाळ्यांत तळाची शिवण गंजते. दारातील आडव्या मजबूत नळीच्या मागे शीट कोंबण्याचे कारण नाही. काही गाड्यांत बाजूच्या धडकेची नोंद घेणारा हवेच्या दाबाचा सेन्सर दाराच्या पोकळीत असतो, आणि आतल्या पत्र्याची छिद्रे शीटने बंद केली किंवा मूळ आवरणात बदल केला तर त्याच्या नोंदीवर परिणाम होऊ शकतो. आपल्या गाडीत तो असल्यास आतला पत्रा मूळ स्थितीतच ठेवावा आणि डॅम्पिंग बाहेरच्या पत्र्यापुरते मर्यादित ठेवावे. शेवटी पॅड बसवण्याआधी बॅटरी जोडून काच तीन-चार वेळा पूर्ण वरखाली करावी आणि ती कोणत्याही तुकड्याला घासत नाही याची खात्री करावी.

दारातील स्पीकरमुळे पॅड झणझणत असेल तर याच वेळी त्याचाही बंदोबस्त करावा. फोनवरून २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर वाजवावा. ज्या सुरावर झणझण उठते तेथे तो थांबवून पॅडवर हात फिरवावा आणि दोषी जागी, म्हणजे बहुधा पॅड व पत्रा जेथे एकमेकांना टेकतात तेथे, बंद पेशींच्या फोमचा तुकडा लावावा. साधा स्पंज वापरू नये. तो पाणी धरून ठेवतो.

प्रश्न : गाडीत सीएनजी किट बसवल्यापासून डिकीतून धडधड येते. टाकीखाली डॅम्पिंग शीट सरकवली तर थांबेल का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : टाकी, तिचे पट्टे आणि स्टँड यांमध्ये स्वतःहून काहीही सरकवू नये. भरलेल्या टाकीतील दाब २०० बारच्या घरात असतो, आणि तिचे पट्टे सैल झाले असतील तर तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. अधिकृत केंद्रात स्टँडचे बोल्ट, पट्ट्यांखालचे रबर आणि व्हॉल्व्हवरील वायुवाहक (गळालेला वायू बाहेर नेणारे) आवरण तपासून घ्यावे, आणि दर ३ वर्षांनी करावयाची टाकीची दाबचाचणी जवळ आली असेल तर दोन्ही कामे एकदमच उरकावीत. पट्टे घट्ट झाल्यावरही डिकीच्या बाजूचे पत्रे वाजत असतील, तर टाकीपासून दूर, चाकांच्या कमानींवर शीट लावण्यास हरकत नाही.

प्रश्न : शहरात गाडी शांत वाटते, पण सिन्नरहून समृद्धी महामार्गाला लागलो की घोंघावणारा आवाज एवढा वाढतो की मागे बसलेल्यांशी बोलता येत नाही. डॅम्पिंगने किती फरक पडेल?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : समृद्धीचा पृष्ठभाग काँक्रीटचा आहे आणि काँक्रीटवर टायरचा आवाज डांबरी रस्त्यापेक्षा बहुधा जास्त येतो. त्यात मोटारींसाठी वेगमर्यादा १२० असल्याने वाऱ्याचा आवाजही भरपूर मिसळतो. वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो. ८० वरून १२० वर गेल्यास तो ढोबळमानाने १० डेसिबलने वाढतो, आणि १० डेसिबलची वाढ कानाला दुप्पट आवाजासारखी वाटते. त्यामुळे त्याच रस्त्यावर एकदा ९० ने जाऊन पाहावे. घोंघाव एकदम उतरली तर दारांचे बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, आणि आरशांच्या कडा यांच्याकडे पाहावे. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ती ओढावी. ती अलगद निघून आली तर तेथे बीडिंग टेकत नाही.

घोंघाव वेगाबरोबर फारशी न बदलता टिकून राहिली, तर ती टायरची आहे. टायर असमान झिजले आहेत का, हवा दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे आहे का, आणि टायरच्या बाजूवर छापलेल्या चार अंकी आकड्यावरून ते किती जुने आहेत हे पाहावे. त्या आकड्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. लांब वळणावर गुणगुण कमी-जास्त होत असेल तर व्हील बेअरिंग तपासावे.

एवढ्यानंतरच फ्लोअर आणि मागच्या चाकांच्या कमानी यांचा विचार करावा. पत्र्याची थरथर मोडण्यासाठी ब्यूटाइल पुरेसे असते, परंतु पत्र्यातून आरपार येणारा हवेतील आवाज अडवण्यासाठी वजन लागते. त्यासाठी चौरस मीटरला सुमारे ५ किलो वजनाची जड व्हायनल चादर मिळते. ती पत्र्याला न चिकटवता खाली बंद पेशींचा फोम अंथरून त्यावर मोकळी ठेवावी लागते आणि शक्य तितकी अखंड असावी लागते, कारण एखादी फट राहिली तरी आवाज तेथूनच आत शिरतो. हे काम सीट आणि कार्पेट काढून करायचे आहे. सीटखाली एअरबॅगचे कप्लर असतात आणि सीटचे बोल्ट ठरलेल्या ताणानेच आवळावे लागतात, म्हणून ते घरी करू नये. फरक किती पडला हे पाहायचे असल्यास तोच फोन, तोच रस्ता, तोच वेग आणि एसीचा पंखा तेवढाच ठेवून आधी व नंतर आवाजाच्या पातळीची फोनवर नोंद घ्यावी. माझ्या मते आपल्यासारख्यांनी टायर बदलण्याची वेळ आलीच असेल तर कमी आवाजाचे टायर आधी घ्यावेत आणि चादरीचा खर्च त्यानंतर ठरवावा.

प्रश्न : थंडीत सकाळी डॅशबोर्डमधून करकर ऐकू येते आणि ऊन चढल्यावर ती आपोआप थांबते. डॅशबोर्ड उघडून डॅम्पिंग करावे का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : डॅशबोर्ड उघडू नये. निफाडला थंडीत पारा एक आकडी होतो तेव्हा प्लास्टिक आकसते आणि कडक होते, आणि एकमेकांना चिकटून असलेले दोन भाग क्षणात अडकत, क्षणात निसटत घासू लागतात. करकर येते ती अशी. शीट पत्र्यासाठी आहे, या घर्षणावर तिचा काही उपयोग नाही. करकर जेथे दाबल्यावर थांबते, तेथील फटीत प्लास्टिकच्या पातळ चिपाटीने फेल्टची पट्टी सरकवावी. दारांच्या बीडिंगमधून तसाच आवाज येत असेल तर रबरावर सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ चोळावे. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावल्यास रबर फुगते आणि खराब होते. गाडी वॉरंटीत असेल तर सकाळी गार असतानाच सर्व्हिस सेंटरला न्यावी, कारण दुपारी नेलेल्या गाडीत त्यांना काहीच ऐकू येणार नाही आणि कार्डावर 'आवाज आढळला नाही' असा शेरा मारून ती परत मिळेल.